वसुलीच्या नोकरीत ख्रिस्ती म्हणून कसं वागायचं?

जय ख्रिस्त. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

तू विचारलंस ते थोडक्यात असं: सांगलीत फायनान्स कंपनीत वसुलीला आहेस, ऑफिसात एकटाच ख्रिस्ती. गाडीवर बायबलच्या वचनाचा स्टिकर लावू का, सत्यनारायणाचा शिरा घेऊ का, लोकांना आपला विश्वास दिसावा म्हणून काय करू? आणि शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, की गेल्या महिन्यात हप्ता थकलेल्या एका बाईला शेजारपाजाऱ्यांसमोर नको ते बोललास आणि तेव्हापासून झोप लागत नाही.

खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. बाकीचे आधी उरकतो.

शिरा. पौलानं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, ८व्या आणि १०व्या अध्यायात, नैवेद्याच्या अन्नावर बरंच लिहिलंय, ते सावकाश वाच. आमच्याच घरात दोन मतं आहेत. मी द्रोण घेतो, बायको हात जोडून नको म्हणते. दोघांचंही शेजाऱ्यांशी छान चाललंय, कारण दोघंही नाक मुरडत नाही.

आता वसुली. मी सदतीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे दिवाणजी होतो. त्यामुळे शुभवर्तमानातला जक्कय मला फार जवळचा. पाळक त्याच्यावर बोलले की येशूला बघायला तो झाडावर चढला, त्याचंच कौतुक जास्त. मला मात्र लूकच्या १९व्या अध्यायातला हिशेब आवडतो. प्रभू घरी जेवायला आला, आणि जकातवाल्यांचा हा मुखिया उभा राहून आकडेच बोलला: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. ना भजन, ना उपदेश. त्याचा विश्वास थेट खतावणीत उतरला.

आणि हो, नोकरी सोडायला हवी का, असंही तुझ्या मनात असेल. लूकच्याच ३ऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो काम सोडा म्हणत नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. तुझ्या धंद्यात त्याचा अर्थ असा: घेतलेल्या पैशाची पावती तिथल्या तिथे द्यायची, दंडाची रक्कम फुगवायची नाही, घरातल्या पोरासमोर बापाचा पाणउतारा करायचा नाही. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीचा फोन नको, हे तर रिझर्व्ह बँकेनंच २०२२मध्ये सांगून ठेवलंय. बँकेच्या नियमाइतकं तरी आपल्याला जमावं की नाही?

माझं सांगतो. वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याची अकरा पोती हळद आमच्याकडे विकली गेली. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेबाचा कागद, मी केली आणि चुकून कडता, म्हणजे वजनातली कपात, दोनदा कापला. दीडशेच्या आसपास रुपये. पट्टी देऊन झाल्यावर लक्षात आलं. मालक म्हणाले, "त्याला कुठं कळलंय, पुढच्या हंगामात बघू." मी गप्प बसलो. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, भाकर हातात आली आणि घशाखाली उतरेना. सोमवारी रजा टाकली, एसटीनं गेलो आणि खिशातून पैसे दिले. चौपट नाही हं, जेवढ्यास तेवढे. चौपट द्यायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं.

तुला वाटेल त्यानं मला मिठी मारली असेल. तो नोटा मोजून म्हणाला, "म्हंजे आजवर असं किती येळा झालं आसंल?" त्यानं गावात सांगितलं, पुढच्या साली त्या गावातनं दोघांचा माल आमच्याकडे आला नाही, आणि मालकांनी मला चांगलाच झाडला. साक्ष दिली की लोक भारावून जातात, असं कुणी सांगितलं तर फारसं मनावर घेऊ नकोस.

दिसण्याचंही एक सांगतो. ऑगस्ट २०१९च्या पुरात अर्धी सांगली पाण्यात असताना आमच्या चर्चच्या मंडळीनं भाकरी आणि कोरडे कपडे वाटले. चांगलं काम होतं. पण चादर देताना फोटो काढायला मीही थांबलो, आणि समोरच्या म्हातारीला चादर धरून उभं राहावं लागलं. ओल्या लुगड्यात. मत्तयाचा ६वा अध्याय मला तोंडपाठ आहे, उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, तो. तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. मुद्दाम ठेवलाय.

आपल्या भागात विश्वास कामातून दिसल्याची मोठी उदाहरणं आहेत. माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आया होती. डॉ. वानलेस यांनी १८९४मध्ये सुरू केलेला तो दवाखाना. आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी लोकांना ख्रिस्ती धर्म म्हणजे काय ते ठाऊक नसेल, पण मिशनचा दवाखाना ठाऊक होता. साताऱ्याला रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, १९१७मध्ये मिशनचं पगारी काम सोडून 'देवाचा दरबार' नावाची भक्तमंडळी उभी केली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपण रविवारी त्यांची पदं गातो, पगार सोडल्याचं मात्र कुणी काढत नाही.

राहिला स्टिकर. गाडीवर तो वाचणार कोण, विचार कर. ज्यांच्या दारात तू हप्त्याला जाऊन उभा राहतोस, तेच ना? त्या बाईनं काय वाचावं? म्हणून आधी तिच्याकडे जा. हप्ता मागायला नाही, सुट्टीच्या दिवशी. बोललास शेजाऱ्यांसमोर, तर माफीही त्यांना ऐकू जाईल अशीच माग. ती दार लावून घेईल कदाचित. तरी जा. मग स्टिकरचं काय ते तुझं तूच ठरव.