‘चालू मशीनमध्ये हात घालू नये’ हे सांगायला पाटी कशाला लागते?

तुम्ही विचारलंय की ‘चालू मशीनमध्ये हात घालू नये’, ‘लिफ्ट समोर असल्याची खात्री करूनच दार उघडावे’ असल्या पाट्या नक्की कोणासाठी असतात, आणि एवढंही न कळणारी माणसं खरंच असतात का.

मी पुण्याजवळच्या कारखान्यांत २६ वर्षं काढली. आधी मेन्टेनन्सला होतो, शेवटची ११ वर्षं सेफ्टीला. अशा पाट्या मी स्वतः लावल्यात, काही उतरवल्याही आहेत. एवढंही न कळणारा माणूस मला या २६ वर्षांत भेटला नाही. ज्याला ते पक्कं माहीत आहे, त्याच्याच हाताला इजा होते.

आमच्या प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवरचा, एक ऑपरेटर, १७ वर्षांचा अनुभव. नवीन पोरांना प्रेस चालवायला तोच शिकवायचा. एका सेकंड शिफ्टला, सुट्टीला तासभर उरलेला असताना, पत्रा डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, तिरका अडकला. चिमटा शेजारीच टांगलेला होता. पाटी तर त्याच्या डोळ्यांसमोर होती, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत. त्याने हात घातला आणि त्याच वेळी प्रेस चालवायच्या पेडलवर पाय पडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात मी त्याच्याजवळ बसलो होतो. तो म्हणाला, “साहेब, मला माहीत होतं हो. पण माझ्या आधी हात गेला.”

हे वाक्य मी अनेक प्रशिक्षणांत सांगितलं आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. एका शिफ्टमध्ये तीन-साडेतीन हजार स्ट्रोक, म्हणजे प्रेसचे ठोके, मारणाऱ्या माणसाचा हात लयीत काम करतो. पत्रा ठेव, पेडल दाब, जॉब (तयार तुकडा) उचल. लय तुटली की हात ती आपणहून सांधायला जातो, विचार मागाहून येतो. पाटी विचाराशी बोलते, हाताशी तिचं बोलणं होतच नाही. शिवाय तीच पाटी वर्षभर रोज पाहिली की डोळा तिला भिंतीचा भाग समजतो.

म्हणून सेफ्टीच्या शिक्षणात उपायांची एक उतरंड शिकवतात. धोकाच काढून टाकता येतो का ते आधी पाहायचं. नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणायची. मग जाळी, गार्ड, सेन्सर. त्याच्या खाली पाट्या, सूचना आणि प्रशिक्षण, आणि हातमोजे-हेल्मेट सगळ्यांत शेवटी. म्हणजे पाटी हा तळाकडचा उपाय. पण ती स्वस्त असते आणि एका दिवसात लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी तीच पहिली येते. माझा राग आहे तो यावर.

आमच्याकडे त्या अपघातानंतर पेडल काढून दोन हातांची बटणं बसवली. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, आणि दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये जायला हातच उरत नाही. अर्ध्या सेकंदाची अट अशासाठी की एक बटण चिंधीने बांधून ठेवून दुसऱ्यावर काम उरकायची सवय सगळीकडे असते.

लिफ्टच्या पाटीचंही असंच आहे. मुंबईतल्या जुन्या इमारतींमध्ये सरकत्या जाळीच्या दाराच्या लिफ्ट असतात. लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तर बाहेरचं दार उघडूच नये, यासाठी कुलपासारखा एक खटका असतो. तो झिजला की दार उघडतं आणि समोर रिकामी खोल विहीर असते. रोज दार ओढून आत पाऊल टाकणारा माणूस अंधारात, हातात पिशव्या असताना, तसंच पाऊल टाकतो. तुम्हाला ती पाटी हास्यास्पद वाटली असेल, पण मला ती दिसली की मी आधी खटका तपासायला सांगतो.

काही पाट्या मात्र उघड वाटतात आणि मुळीच उघड नसतात. सेप्टिक टँक किंवा सांडपाण्याच्या टाकीवर ‘आत उतरू नये’ असं लिहिलेलं असतं. वाचणारा मनात म्हणतो, घाण वास आला तर कोण उतरेल? पण हायड्रोजन सल्फाइड हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे हवा साफ झाली असं वाटतं, आणि धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. पहिला माणूस आत कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशा घडतात. तिथे नुसतं ‘उतरू नये’ पुरत नाही. आमच्या टाकीवर मी लिहून घेतलं होतं: ‘आतला माणूस पडला तरी उतरू नका. बाहेरून दोर ओढा, अग्निशमन दलाला बोलवा.’ काहींना ते निर्दयी वाटलं. मी ते बदलू दिलं नाही.

रेल्वेचं उदाहरण तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रूळ ओलांडणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाट्या आहेत, घोषणा आहेत, तरी लोक ओलांडतात. २०१० च्या सुमारास वडाळ्याजवळ एक वेगळा प्रयोग झाला. मोठी वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा हळू येतेय असं भासतं, म्हणून रुळांखालचे काही आडवे पट्टे (स्लीपर) पिवळे रंगवले, म्हणजे ते पट्टे किती भराभर गाडीखाली जातात त्यावरून वेग डोळ्यांना कळावा. आणि नुसत्या रेघांनी काढलेल्या माणसाच्या चित्राऐवजी गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती दाखवणारे फोटो लावले. ज्याने कोणी हे सुचवलं त्याने माणूस कसा चुकतो याचा आधी अभ्यास केला होता, हे मला फार भावलं.

भाषेचं आता थोडक्यात. १९४८ च्या कारखाने अधिनियमात स्पष्ट होतं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावाव्यात. विजेच्या धोक्याच्या फलकावर स्थानिक भाषेबरोबर कवटी आणि हाडं असतात ती याचसाठी, अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं म्हणून. आमच्याकडे कंत्राटी कामगार ओडिशा आणि बिहारचे होते आणि पाट्या शुद्ध, समासयुक्त मराठीत. ‘यंत्र कार्यरत असताना हस्तक्षेप करू नये’ हे वाचून कोण काय समजणार? मला मराठीचा अभिमान आहे, म्हणूनच ती अशी वाया गेलेली बघवत नाही.

तुमचा प्रश्न ऑफिसातल्या ‘नळ बंद करा’, ‘दिवे बंद करा’ यांवरही असेल तर त्यांना मी फार वेळ देणार नाही. नळ आपोआप बंद होणारा लावा.

त्या ऑपरेटरचं राहिलं. तो सहा महिन्यांनी स्टोअरमध्ये हलक्या कामावर परत आला. प्रेस शॉपमधली जुनी पाटी उतरवायची ठरली तेव्हा नवीन मजकूर काय असावा, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, हात घालू नको हे लिहून काय होणार? मी हात का घातला? जॉब अडकल्यावर मशीन बंद करून मेन्टेनन्सला बोलवलं की वीस मिनिटं जातात. टार्गेट राहिलं की सकाळी सगळ्यांसमोर उभं करतात.” अपघाताच्या चौकशीच्या कागदांत मी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं होतं. टार्गेटचा शब्दही त्यात नव्हता.

मग त्यानेच सांगितलेला मजकूर आम्ही मराठी, हिंदी आणि ओडिया अशा तीन भाषांत रंगवून घेतला: ‘जॉब अडकला तर मशीन बंद कर. टार्गेटचं मी बघतो.’ खाली शॉपच्या मॅनेजरची सही. सही मिळायला मला तीन आठवडे त्याच्या केबिनच्या खेपा घालाव्या लागल्या. पाटी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मेन्टेनन्सला अकरा वेळा फोन आला, त्याआधी महिन्याला दोन-तीन यायचे.