आंब्याच्या लाकडाच्या फळ्यांना भिरूड (लाकूड पोखरणारी कीड) लागू नये म्हणून

फळी चिरल्या चिरल्या, ओली असतानाच द्रावणात टाका. 10 लिटर गरम पाण्यात 600 ग्रॅम बोरॅक्स, 400 ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवा, हातमोजे घाला. इंची फळी दिवसभर बुडवा, मग थप्पी लावून प्लास्टिकात घट्ट गुंडाळून तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. कंटाळा येतो, पण हा टप्पा गाळूच नका: बोरॉन (बोरॅक्स-बोरिक ॲसिडमधला कीड रोखणारा घटक) ओलाव्यातूनच गाभ्याकडे सरकतं. घाईने उन्हात टाकलीत तर ते वरच्या थरातच अडकतं, आत भिरूड मोकळं. त्यानंतरच मध्ये पट्ट्या घालून वाळवा.

लाकूड वाळवायच्या भट्टीत फळीचा गाभा 56 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं राहिला की अळी मरते, पण नवी लागायची थांबत नाही.

गोव्याच्या पावसात बोरॉन धुऊन जातं. म्हणून घरातल्या कपाट, पलंगाला हे ठीक. कुंपणाच्या खांबाला हे अजिबात वापरू नका.