34व्या आठवड्यात झालेलं बाळ नीट ओढत नाही. पुढे चालायलाही उशीर होईल का?

ताई, तुमची मुलगी 34व्या आठवड्यात झाली, चार घोट घेऊन दमते, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, 'ओढत नाही ते बाळ चालणार कधी!' वाचलं आणि सहा वर्षांपूर्वीच्या इंदिरानगरमधल्या माझ्या रात्री आठवल्या. मी डॉक्टर नाही. माझा मुलगा 33व्या आठवड्यातला.

तो पाच-सहा वेळा ओढायचा आणि थांबायचा. मला वाटायचं, झोपला. मी गालाला टिचक्या मारायचे, तो ठसकायचा. शेवटी सिस्टरनी माझा हातच धरला. "झोपला नाहीये तो, श्वास घेतोय. घेऊ द्या." ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या आसपास बसायला लागतो, पक्का व्हायला आणखी काही आठवडे जातात. तोवर आम्ही काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजलं. आजेसासूबाईंचं चांदीचं बोंडलंही माळ्यावरून खाली आलं, पण त्यातून निम्मं दूध गळ्यावरच सांडायचं.

काकूंचं बोलणं अगदीच हवेतलं नाही, हेही सांगते. जीभ, जबडा, श्वास यांना लयीत चालवतो तो मेंदूच, आणि पुढे मान नि पाय चालवणारही तोच. म्हणून डॉक्टर पिण्याकडे इतकं लक्ष देतात. प्रसूतीची दिलेली तारीख उलटून गेल्यावरही पिणं विस्कळीतच राहिलं, तर अशा बाळांमध्ये हालचालींना उशीर होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. पण त्यांतलीही कितीतरी वेळेत चालतात.

वय मात्र त्या दिलेल्या तारखेपासूनच मोजा. माझा सोळाव्या महिन्यात चालला, घरात कुजबुज सुरू झाली होती. सात आठवडे वजा केले तर साडेचौदाच होतात! जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तर एकट्याने चालण्याची मुभा साडेसतरा महिन्यांपर्यंत आहे.

असं मोजून चार महिने झाले तरी मान धरत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील, पाय कात्रीसारखे ताठ होत असतील किंवा एकच हात हलत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा पातळीवर अशा बाळांसाठी सरकारी तपासणी केंद्रं असतात, त्याचीही चौकशी करा. आणि पिताना ओठ निळे पडले, शू कमी झाली किंवा वजन वाढेना, तर चार महिने कशाला, आजच जा.