पुण्याला जा, ताई, आणि जाण्याआधी फळीवरचे डबे खाली उतरवा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका आईचं पत्र आलंय. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. त्यातलं थोडं तिच्याच शब्दांत:

‘मावशी, माझं लेकरू २८ वर्षांचं आहे. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या स्टोअरला कामाला. मुलगी म्हणून वाढवलं, पण चार वर्षांमागं त्यानं सांगितलं की मी मुलगा आहे. दोन वर्षं हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. आता पुढच्या महिन्यात पुण्याला छातीचं ऑपरेशन ठरलंय. म्हणतो, आई, तू चल. माझी बहीण म्हणते, तू गेली नाहीस तर आपोआप गप बसेल. त्याचे वडील काही बोलत नाहीत, गॅलरीत बिडी ओढत बसतात. मला जखम बघवत नाही. त्याला काय खायला घालायचं, गल्लीत काय सांगायचं, काही कळंना झालंय. माझ्या दोन पाटल्या आहेत, त्या मोडू का?’

ताई, पुण्याला जा. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुमच्या बहिणीचा हिशेब चुकतोय. तुम्ही गेला नाहीत म्हणून ऑपरेशन थांबणार नाही. भूल उतरल्यावर त्याच्यासमोर कुणी नसेल, एवढंच होईल. आणि हे काही रागाच्या भरात ठरलेलं नाही. मानसोपचारतज्ज्ञाची भेट, त्यांचं पत्र, तपासण्या हे सगळं झाल्यावरच सर्जन तारीख देतात. कागदासाठीही तो हे करत नाहीये. कुणाची लिंगओळख मान्य करायला शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलंय. मग तो का करतोय? तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलंय: दोरीवर टॉवेलच्या आड वाळत घातलेली ती घट्ट बंडी, आणि एकदा चुकून दिसलेले बरगड्यांवरचे वळ. मे महिन्यात, भट्टीच्या कारखान्यात, शिफ्ट संपेपर्यंत छाती आवळून वावरणं कसं असेल, ते एकदा मनात आणून बघा.

तुमच्या पत्रात आठ ठिकाणी ‘ती’ खोडून वर ‘तो’ लिहिलंय. अख्ख्या पत्रात मला तेच सगळ्यात आवडलं. आपल्या कोल्हापुरात पोरीसुद्धा ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, त्यामुळं त्याचं बोलणं लहानपणी कुणाच्या कानाला खटकलं नसेल. अडतं ते आपलं, कारण मराठीत क्रियापदालाच लिंग लागतं. तुम्ही चुकाल. चुकलात की तिथल्या तिथं दुरुस्त करा आणि पुढं बोला. माफी मागत रडत बसलात तर त्यालाच तुमची समजूत काढावी लागेल, आणि त्या दिवसांत त्याच्यात तेवढी ताकद नसेल.

आता तयारी. सगळ्यात आधी तंबाखू. मावा, गुटखा, सिगारेट, काहीही असेल तर ऑपरेशनच्या निदान चार ते सहा आठवडे आधी बंद, नंतरही तितकेच दिवस बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये पुष्कळदा स्तनाग्र काढून, लहान करून, नव्या जागी कलम करतात. त्याला रक्त मिळालं नाही तर ते जगत नाही. तुमच्याकडं महिनाच उरलाय, म्हणजे आजपासूनच. पोराला डॉक्टरांशी खरं बोलायला सांगा, लपवलं तर नुकसान त्याचंच. मालकांनाही सांगा, बिडी खाली जाऊन ओढा, पोराची जखम भरायची आहे. एवढं एक काम त्यांनी केलं तरी ते त्याच्या बाजूनं उभे राहिल्यासारखं होईल.

हिमोग्लोबिन तपासलं असेलच, कमी असेल तर हा महिना हातात आहे. हार्मोन, ॲस्पिरिन, दुखण्याच्या गोळ्या, काढे, चूर्णं, जे काही पोटात जातं ते सगळं एका कागदावर लिहून सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला दाखवा. काय बंद करायचं, ते त्यांनीच सांगायचं. वॉर्ड कुठला मिळणार आणि केसपेपरवर कुठलं नाव असणार, हेही आधीच विचारून ठेवा. ऐन वेळी कॉरिडॉरमध्ये त्यावरून वाद नको.

मग घर. काही आठवडे त्याला हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि चार-पाच किलोच्या वरचं काही उचलायचं नाही. हे लक्षात ठेवून स्वयंपाकघरात उभ्या राहा. चहा-साखरेचे डबे फळीवरून ओट्यावर आणा. दाराची वरची कडी, भरलेली बादली, दोरीवरचे कपडे हे सगळं तुमच्याकडं. झोपायचं पाठीवर, उशा लावून अर्धं बसल्यासारखं. कुठं आरामखुर्ची मिळाली तर मागून आणा. शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं घ्या, उठताना हातावर जोर येता कामा नये.

ऑपरेशन झाल्या झाल्या कोल्हापूरची गाडी धरू नका. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता आहे. पहिली तपासणी होईपर्यंत पुण्यातच राहा. परतताना गाडीचा सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये मऊ उशी ठेवा, आणि तास-दीड तासानं गाडी थांबवून त्याला चार पावलं चालवा, म्हणजे पायात रक्ताची गुठळी होणार नाही.

जखमेचं म्हणाल तर, बारा वर्षांमागं माझ्या बहिणीचं कॅन्सरसाठी स्तन काढलं. दोन्ही ऑपरेशनांचं कारण वेगळं, पण कुशीतून निघालेली नळी आणि तिच्या टोकाला दाबून ठेवलेला फुगा तोच. त्या ड्रेनचं काय करायचं, ते आम्हाला रुग्णालयात कुणी नीट सांगितलंच नव्हतं. पहिल्या रात्री तो लालसर पाण्यानं भरला तेव्हा माझे हात थरथरत होते. तिसऱ्या दिवशी मी तो रिकामा करून, मोजून, कालनिर्णयाच्या मागं मिलिलिटर लिहीत होते. तुम्हीही तेच करा. सकाळ-संध्याकाळ, साबणानं हात धुऊन, दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे. आकडा उतरत गेला आणि दिवसाला साधारण ३० मिलीच्या खाली आला की डॉक्टर नळी काढतात. रुग्णालयातून निघण्याआधी नर्ससमोर एकदा स्वतःच्या हातानं करून दाखवा.

पट्टी सुटल्यावर स्तनाग्रं काळपट, खपली धरलेली दिसतील. बहुतेक वेळा ती वरची खपलीच असते, दोन-तीन आठवड्यांत निघून जाते. तुमच्या तोंडावर भीती दिसली तर तो आरशात बघणार नाही, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते. हळद, तूप, राख काहीही लावायचं नाही. पण एकच बाजू अचानक टरारून फुगली, ताप १०१ च्या वर गेला, पू आला, वास यायला लागला, तर सर्जनला फोन करायला सकाळची वाट बघू नका. दम लागला किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर थेट इमर्जन्सी गाठा. सर्जनचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये हवा, फक्त त्याच्या नाही.

खाण्याचं सोपं आहे. पहिले दोन दिवस मऊ भात, मुगाचं वरण. मळमळ थांबली की अंडी, मासे, तुमचा पांढरा रस्सा, सगळं द्या. अंड्यामटणानं जखमेत पू होतो, हे शेजारणी सांगतीलच. ऐकू नका, जखम भरायला प्रथिनंच लागतात. दुखण्याच्या काही औषधांनी पोट बांधतं, तेव्हा पाणी भरपूर आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, किंवा आठवड्याभरानं, तो रडेल. कदाचित कारण नसताना. भूल, वेदना, झोपमोड, सुजलेली छाती, हात बांधल्यासारखे. ज्या दिवसाची वर्षानुवर्षं वाट पाहिली, तो असा औषधांच्या वासात उजाडतो, म्हणूनही. त्या क्षणी ‘बघ, मी सांगत होते’ हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल. गिळा. ते रडणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे, मोठ्या ऑपरेशननंतर कितीतरी माणसं अशी खचतात आणि सावरतात. जवळ बसा, पाणी द्या, केसांतून हात फिरवा. दोन-तीन आठवड्यांनंतरही मन तिथंच अडकलं असेल तर त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. आणि जीव नको असं बोलला तर त्याच दिवशी.

गल्लीत सांगा, छातीचं ऑपरेशन झालंय, विश्रांती सांगितलीय. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. शहाळं घेऊन येणाऱ्यांचं शहाळं दारातच घ्या.

पाटल्या आत्ता मोडू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ जाहीर केली, तिच्यात तृतीयपंथी आणि ट्रान्स व्यक्तींना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार आहेत, या शस्त्रक्रियांसकट. त्यासाठी तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र लागतं. ते त्याच्याकडं आहे का विचारा, आणि तुमचं रुग्णालय योजनेत बसतं का, ते लेखी घ्या. नाहीच जमलं तर मग पाटल्यांचं बघू.

कामावर परत जायचं ते डॉक्टरांना विचारून. नुसतं बसून काम असेल तर दोन-तीन आठवडे, स्टोअरमध्ये खोकी उचलायची असतील तर दीड-दोन महिने. वर्षभर व्रणांवर ऊन नको.

आणि या रविवारी महाद्वार रोडला जाऊन पुढून बटणाचे चार शर्ट घ्या. सुती, एक साइज मोठे, कारण आत छातीला बांधलेला पट्टा असणार आणि डोक्यावरून काही घालता येणार नाही. आजवर त्याचे शर्ट त्यानं एकट्यानंच घेतले असतील. या वेळी दोघं मिळून जा, आणि रंग त्याला निवडू द्या.