टक्के नंतर, आधी नंबर कुणाचा ते ठरवा

प्रश्न : मी नाशिकला राहते, वय ३१. महारेराचं (राज्यातल्या घरबांधणी प्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाले आणि एजंट म्हणून माझ्या नावावर नोंदणीही झाली. आता दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक मोठी फर्म आहे. दरमहा १८ हजार आणि दलालीतला २५ टक्के वाटा देणार. पण सोडल्यावर दोन वर्षं या शहरात हे काम करायचं नाही, वर्षाच्या आत सोडलं तर ट्रेनिंगचे दीड लाख भरायचे आणि सही केलेला एक कोरा चेक त्यांच्याकडे ठेवायचा. दुसरं ऑफिस छोटं, मालक वडिलांच्या ओळखीचे. ६० टक्के देतो म्हणतात, कागद काही नाही. त्यांच्या नोंदणीची मुदत संपली आहे, ती पुन्हा होईपर्यंत बुकिंग माझ्या नोंदणी नंबरवर दाखवू, असं त्यांचं म्हणणं. सर्टिफिकेटची प्रत मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीही आहे. कुठे जाऊ?

उत्तर : दुसऱ्या ऑफिसात जाऊ नका. निदान त्यांची स्वतःची नोंदणी पुन्हा होईपर्यंत तरी नाहीच. पहिल्या फर्ममध्ये जाता येईल, पण आहे त्या कागदावर सही करून नाही.

तुमच्या पत्रात टक्क्यांचा हिशोब आधी आला आहे आणि नोंदणीची गोष्ट जाता जाता. माझ्या दृष्टीने मात्र सगळ्यात गंभीर तीच आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या (स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचा कायदा) कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा, तर एजंटची स्वतःची नोंदणी लागते आणि तो जो व्यवहार जुळवतो त्यावर त्याचा स्वतःचा नंबर द्यावा लागतो. मुदत संपलेल्या नोंदणीवर मालकांनी नव्या प्रकल्पाची बुकिंग घेणं हाच मुळात कायद्याचा भंग. तो झाकायला तुमचा नंबर वापरला, की त्या भंगात तुम्हीही आलात.

समजा, त्यांनी एखाद्या कुटुंबाला सांगितलं की ताबा दिवाळीपर्यंत मिळेल, पार्किंग फुकट आहे. तुम्ही त्या कुटुंबाला पाहिलेलंही नाही. ताबा लांबला, पार्किंगचे पैसे मागितले गेले आणि त्या कुटुंबाने कलम ३१ खाली महारेराकडे तक्रार केली, तर बुकिंगच्या कागदावर नंबर तुमचा आहे, म्हणून नोटीस तुमच्या नावाने निघेल. कलम ९ किंवा १० चा भंग ठरला तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला १० हजार रुपये दंड, तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ६० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा ३ लाख होते. शिवाय नोंदणी निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. एवढी मेहनत करून मिळवलेली नोंदणी पहिल्याच वर्षी अशी पणाला लावू नका.

ते म्हणतील, रिसेलला नंबर लागत नाही. जुन्या, रेरात न येणाऱ्या इमारतीतल्या रिसेलपुरतं ते खरं आहे. पण मग त्यांना तुमच्या नंबरची गरजच पडली नसती.

आता त्यांच्या ६० टक्क्यांविषयी. ६० टक्के कशाचे? ६० लाखांच्या फ्लॅटवर बिल्डरने २ टक्के दलाली दिली, तर १ लाख २० हजार. त्याचे ६० टक्के ७२ हजार. पण आधी ‘लीडचा (संभाव्य गिऱ्हाईक मिळवण्याचा) खर्च’, ‘ऑफिसचा खर्च’ आणि ‘गिऱ्हाईक ज्याने आणलं त्याचा हिस्सा’ वजा झाला, तर ७२ चे ३० कधी होतील कळणार नाही. आणि पैसे कधी? बुकिंगला, करारनाम्याची नोंदणी झाल्यावर, की बिल्डरकडून मालकांच्या खात्यात आल्यावर? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ नुसार वेगळं ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. ‘काम पूर्ण’ म्हणजे काय हे लिहिलेलं नसेल, तर वसुलीच्या दाव्यात दोन-तीन वर्षं त्याच एका मुद्द्यावर जातात. एजंटांमधला वाट्याचा वाद हा दिवाणी वाद असतो, ग्राहकाच्या तक्रारीसारखा तो महारेराकडे सुटेल अशी आशा धरू नका.

पहिल्या फर्मच्या तीन अटींचं वजन सारखं नाही. दोन वर्षांच्या बंदीची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते, पण ती सगळ्यात कच्ची आहे. नोकरी सुटल्यावर पोटापाण्याचा धंदा करू न देणारी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुपरिंटेंडन्स कंपनीच्या १९८० च्या निकालात अशी अट लागू करायला नकार दिला आहे. मात्र नोकरीत असताना दुसऱ्यासाठी काम न करण्याची अट चालते आणि निघताना फर्मची ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर घेऊन जाणं चालत नाही.

दुसरी अट दीड लाखांची. असा बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याची लेखी हमी, सरसकट बेकायदा असतो हा गैरसमज आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीची रीतही वेगळी होती, तरी ‘कोर्टात उडेल’ म्हणून सही करू नका. तुमच्या बाजूने मुद्दा असा की महारेराचं प्रशिक्षण तुम्ही फर्मकडून घेतलेलं नाही. मग दीड लाख कशाचे? त्यांना विचारा, कोणतं ट्रेनिंग, किती दिवस, खर्च किती. करार कायद्याच्या कलम ७४ खाली न्यायालय लिहिलेली रक्कम जास्तीत जास्त मर्यादा मानतं आणि तिच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. प्रत्यक्ष खर्चाइतकी आणि दर महिन्याला कमी होत जाणारी रक्कम लिहून घ्या.

चेक मात्र देऊ नका. यावर तडजोड नको. स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर समोरच्याने रक्कम भरली, तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग प्रकरणात हेच सांगितलं. तसं देणं नव्हतं हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर येतं आणि चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची फौजदारी केस होते, ज्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बाँडचा वाद तुम्ही दिवाणी न्यायालयात लढू शकता, पण चेक दिलात की तोच वाद फौजदारी कोर्टात जातो आणि जामीन घेण्यापासून सुरुवात होते. ‘सगळेच देतात’ हे उत्तर मिळालं तर फर्म सोडा, दुसऱ्या मिळतील.

त्यांनी चेकची अट काढली, तर करारात दोन गोष्टी घालून घ्या. एक, फर्ममधून होणारा प्रत्येक व्यवहार फर्मच्या नोंदणी क्रमांकावर जाईल, तुमचा वैयक्तिक क्रमांक वापरायचा असेल तर तुमची लेखी संमती लागेल. महारेराच्या संकेतस्थळावर फर्मचं नाव टाकून नोंदणी कधीपर्यंत आहे तेही बघून घ्या. दुसरी, रुजू होण्याआधी तुमच्या ओळखीतले जे लोक घर शोधत आहेत, त्यांच्या नावांची तारखेसह यादी करा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि ती कराराला जोडा. उद्या फर्म सोडलीत तर हे लोक कुणाचे यावर भांडण उरणार नाही. तुम्ही गेल्यानंतर पूर्ण होणाऱ्या बुकिंगचा वाटा तुम्हाला मिळेल का, हेही त्यातच लिहून घ्या. माझ्याकडे येणारे बहुतेक एजंट याच पैशांसाठी येतात.

आणि आजच करायचं काम. ज्या नंबरवर प्रत पाठवलीत, त्याच नंबरवर आणि ईमेलनेही हा मजकूर पाठवा : “काका, माझ्या महारेरा नोंदणीची प्रत फक्त तुमच्या माहितीसाठी पाठवली होती. माझा नोंदणी क्रमांक माझ्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही बुकिंगवर, जाहिरातीत किंवा फॉर्मवर वापरू नये. आजवर वापरला असेल तर कुठे ते मला कळवा. तुमचं नूतनीकरण झालं की कळवा, मग कामाचं बसून लिहून घेऊ.” त्यांना राग आला तर वडिलांना मध्ये घ्या, पण मजकूर बदलू नका. आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर ते ज्या बिल्डरांकडे बुकिंग देतात त्यांच्या सेल्स ऑफिसला याच आशयाचं पत्र द्या आणि पोच घेऊन ठेवा.