महिना अठ्ठावीस दिवसांचा: रिचार्जबद्दल वाचकांचे प्रश्न

मोबाईलच्या रिचार्जबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत. दर कधीही बदलतात, म्हणून आकडे उदाहरणादाखल धरा आणि हिशेबाची रीत लक्षात ठेवा.

घरात चार फोन आहेत. दर महिन्याला रिचार्ज करतो, तरी वर्षाला बारा नाही, तेरा वेळा पैसे जातात. हे कसं? (गृहिणी, धुळे)

तुमचा महिना तीस दिवसांचा, कंपनीचा अठ्ठावीस. ३६५ ला २८ ने भागा, तेरा येतात. २९९ रुपयांचा प्लॅन बारा वेळा घेतला तर ३,५८८ रुपये होतात, तेरा वेळा घेतला तर ३,८८७. तेरावा हप्ता २९९ चा, चार फोनांचे झाले ११९६ रुपये.

यावर ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा ठेवायचा. दुसऱ्या प्रकारात ५ तारखेला रिचार्ज केलं की पुढचं थेट पुढच्या ५ तारखेला, मग महिना ३१ चा असो की २८ चा. ३१ तारखेला केलं असेल आणि पुढच्या महिन्यात ३१ नसेल, तर त्या महिन्याची शेवटची तारीख धरतात. अडचण इतकीच की हे प्लॅन ॲपच्या पहिल्या पानावर दिसत नाहीत. खाली सरकवत जावं लागतं, नाहीतर दुकानदाराला ‘कॅलेंडर महिन्याचा प्लॅन दाखवा’ असं स्पष्ट म्हणावं लागतं.

किंमत बघून दचकू नका. तेवढाच डेटा देणारा कॅलेंडर प्लॅन ३१९ चा असला, तरी बारा वेळचे ३,८२८ होतात, म्हणजे २९९ च्या तेरा वेळांपेक्षा ५९ रुपये कमी. प्लॅनची तुलना कधीही वरच्या आकड्यावर करू नका. किंमत भागिले दिवस काढा. २९९ भागिले २८ म्हणजे रोजचे १० रुपये ६८ पैसे. ३१९ चे रोजचे साधारण साडेदहा पडतात.

वर्षाचा प्लॅन रोजच्या दराने बहुधा स्वस्त पडतो, पण तो घेण्याआधी नेटवर्क तपासा. मध्येच दुसऱ्या कंपनीत नंबर नेला तर उरलेले दिवस आणि शिल्लक दोन्ही बुडतात. ज्या घरात दोन खोल्यांत रेंज येते आणि तिसरीत जाते, तिथे वर्षाचे पैसे अडकवू नयेत असं आमचं मत.

विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरमध्ये सिम आहे. त्याला डेटा लागतच नाही, तरी डेटाचा प्लॅन मारावा लागतो. स्वस्तातला उपाय कोणता? आणि मोटर चालू झाल्याचा मेसेज मध्येच येईनासा का होतो? (केळी उत्पादक, चोपडा तालुका)

यावल, रावेर, चोपड्याच्या पट्ट्यातून हा प्रश्न सारखा येतो, म्हणून थोडं सविस्तर. मोबाईल स्टार्टर म्हणजे फोनच्या कॉलवर विहिरीची मोटर चालू-बंद करणारा डबा.

२३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम बदलला आणि फक्त कॉल व एसएमएसचे वेगळे प्लॅन देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. अशा विशेष व्हाउचरची, म्हणजे ठरावीक सेवेच्या रिचार्जची, कमाल मुदतही ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये असे प्लॅन आले तेव्हा ८४ दिवसांचा ४६९ च्या आसपास आणि वर्षाचा १,८४९ च्या आसपास होता. पहिला रोजचा ५ रुपये ५८ पैशांना पडतो, दुसरा ५ रुपये ७ पैशांना. आजचे दर विचारून घ्या. शब्द लक्षात ठेवा: ‘फक्त व्हॉइस आणि एसएमएस’.

सिम बदलण्याआधी स्टार्टरच्या डब्यावर किंवा पुस्तिकेत ‘टूजी’ लिहिलंय की ‘फोरजी’ ते बघा. शेतातले बरेच जुने स्टार्टर टूजीवरच चालतात. जिओकडे टूजी नेटवर्क नाही, त्यामुळे अशा स्टार्टरमध्ये जिओचं सिम टाकलं तर दिवा लुकलुकत राहतो, नोंदणी होत नाही, आणि लोक स्टार्टर बिघडला म्हणून परत दुकानात नेतात. बाकी कंपन्यांचं टूजी विहिरीजवळ खरोखर पोचतं का, हे साध्या बटणाच्या फोनमध्ये ते सिम टाकून विहिरीच्या काठावर उभं राहून तपासा. घरी तपासून उपयोग नाही.

आता मेसेजचं. त्या ८४ दिवसांच्या प्लॅनमध्ये ९०० एसएमएस असतील, तर रोजचे साधारण दहा-अकरा झाले. स्टार्टर लाईट आली, लाईट गेली, मोटर चालू, मोटर बंद अशा प्रत्येक गोष्टीचा एक मेसेज पाठवतो. थ्री फेज दिवसात चार वेळा आली-गेली, तर लाईटचे आठ आणि मोटरचे आठ, असे सोळा मेसेज. ९०० भागिले १६ म्हणजे ५६ दिवस. सत्तावन्नाव्या दिवसापासून मोटर तुमच्या कॉलवर चालू होत राहते, फक्त उत्तर येत नाही. मोटर चालू झाली नाही असं समजून शेतकरी पुन्हा कॉल करतो, आणि ज्या स्टार्टरला एका कॉलने चालू, दुसऱ्याने बंद अशी सोय असते, तो नेमका मोटर बंद करतो. मग पाणी का कमी पडलं ते कळत नाही.

उपाय दोन. पुस्तिकेतला सेटिंगचा कोड पाठवून लाईट आल्या-गेल्याचे मेसेज बंद करा, फक्त मोटरचे ठेवा. किंवा स्टार्टरमध्ये मिस्ड कॉलने उत्तर देण्याची सोय असेल तर ती लावा. प्लॅनमध्ये कॉल अमर्याद असतात, एसएमएस मोजके.

दुसरं कारण वेगळं असतं. जुन्या स्टार्टरमध्ये सिमवर वीस-तीसच मेसेज मावतात. कंपनीच्या जाहिरातींनी जागा भरली की तुमचा हुकूम आतच जात नाही. सहा महिन्यांनी एकदा सिम काढून साध्या फोनमध्ये टाका, सगळे मेसेज पुसा, आणि त्याच सिमवरून १९०९ ला कॉल करून जाहिराती बंद करून घ्या.

आणि हो, सिम कोणाच्या नावावर आहे? स्टार्टर विकणाऱ्यानेच सिम टाकून दिलेलं असेल तर ते बहुधा त्याच्याच नावावर असतं. मग ना कंपनी बदलता येते, ना हरवल्यावर नवं मिळतं. तुमच्या नावावर कोणते नंबर आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. स्टार्टरचा नंबर त्या यादीत नसेल तर सिम आधी नावावर करून घ्या.

रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो. मग ‘अमर्याद’ लिहिलेलं असूनही काहीच उघडत नाही. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, भुसावळ)

त्या ‘अमर्याद’ची बारीक अक्षरं वाचा: रोजची मर्यादा संपल्यावर वेग ६४ केबीपीएस. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबीची पीडीएफ उतरायला दोन मिनिटं, शंभर एमबीचं व्याख्यान उतरायला साडेतीन तास. कंपनी खोटं बोलत नाही, खरंही बोलत नाही.

दीड जीबी कुठे जातो ते फोनच्या सेटिंगमध्ये ‘डेटा वापर’ उघडून ॲपनुसार बघा. बहुधा तीनच चोर सापडतात: व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड (सेटिंग्ज, मग स्टोरेज आणि डेटा, तिथे मोबाईल डेटासाठीच्या सगळ्या खुणा काढा), ॲपचे अपडेट, आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ. व्याख्यानं ४८० पी वर लावा. फळ्यावरची अक्षरं त्यात नीट वाचता येतात.

मर्यादा रात्री बारा वाजता नवी होते आणि उरलेलं बुडतं. म्हणून अकरा-साडेअकराला उरलेल्या डेटात उद्याची व्याख्यानं उतरवून ठेवा. याच कारणाने रात्री अकराला एक दिवसाचा जादा डेटा पॅक घेऊ नका. तो बहुतेक वेळा त्याच रात्री बाराला संपतो.

फाईव्हजीच्या अमर्याद डेटाला फाईव्हजी फोन, फाईव्हजी टॉवर आणि त्या सवलतीत बसणारा प्लॅन, तिन्ही लागतात. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून त्यासाठी बहुधा निदान रोज दोन जीबीचा प्लॅन घ्यावा लागतो. स्टेशनजवळ फाईव्हजी दिसलं आणि खोलीवर फोन फोरजीवर घसरला, तर खोलीवरचा वापर रोजच्या मर्यादेतूनच कापला जातो.

आमच्या गावाचा टॉवर पावसाळ्यात चार-चार दिवस बंद. भरलेल्या पैशाचे दिवस परत मिळतात का? आते काय करानं? (धडगाव तालुका)

नियम आहे, पण तो तुमच्या गावाला तोकडा पडतो. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार संपूर्ण जिल्ह्यातली सेवा सलग २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला तेवढे दिवस मुदतवाढ मिळते. प्रीपेडसाठी हे १ एप्रिल २०२५ पासून. एका दिवसात १२ तासांहून जास्त बंद असेल तर पूर्ण दिवस धरतात. नैसर्गिक आपत्ती यातून वगळली आहे. एकट्या गावाचा टॉवर यात बसत नाही.

तरीही प्रत्येक वेळी १९८ वर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. गावातल्या वीस जणांचे, वेगवेगळ्या तारखांचे डॉकेट नंबर एका कागदावर आले की पुढच्या अपिलात ‘आमच्याकडे तक्रारच नाही’ असं म्हणता येत नाही.

कंपनी बदलायची तर आधी नव्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा नेटवर्क नकाशा बघा. ट्रायने तो ठेवणं बंधनकारक केलं आहे. पण सातपुड्याच्या दऱ्यांत नकाशावर पूर्ण विसंबू नका. शेजाऱ्याच्या फोनमधलं सिम जास्त खरं सांगतं. मग आपल्या नंबरवरून १९०० ला एसएमएस करा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, मग एक मोकळी जागा, मग दहा आकडी नंबर. प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ द्यावा असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. आठ अक्षरी कोड येतो आणि आपल्याकडे चार दिवस चालतो. कोड येत नसेल तर कारण बहुधा यांपैकी एक: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं बिल थकलंय, किंवा गेल्या सात दिवसांत सिम बदललंय. आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या त्याच विभागात, तीन कामाच्या दिवसांत बदल होतो. कोड घेतल्यावर जुनी कंपनी सवलतीचे फोन करते. ती सवलत लेखी मेसेजवर मागा.

आईचा फोन फक्त येणाऱ्या कॉलसाठी आहे. २० रुपये ठेवले की नंबर चालू राहतो असं ऐकलं. (अमळनेर)

अर्धं खरं. हा नियम २०१३ चा आहे: ९० दिवस काहीच वापर नसला, तरी खात्यात २० रुपये असतील तर ते कापून नंबर आणखी ३० दिवस ठेवतात. पण नंबर राखून ठेवणं वेगळं आणि कॉल येणं वेगळं. प्लॅनची मुदत संपली की काही दिवसांनी येणारे कॉलही थांबतात. शिवाय २० चा टॉपअप मारला तर खात्यात जमा होतात १४ रुपये ९५ पैसे, म्हणजे अटीपेक्षा कमी. २० आणि १० असे दोन टॉपअप मारले तर २२ रुपये ४२ पैसे होतात. आईला कॉल यायलाच हवेत, तर वर सांगितलेला व्हॉइस-एसएमएस प्लॅन घ्या.

शिलकीतून पैसे कापले जातात, ग्राहकसेवा दाद देत नाही. कुठे जायचं? (दुकानदार, जळगाव)

आधी १५५२२३ वर कॉल करून कुठली सेवा चालू आहे ते बघा आणि बंद करा. मग कंपनीकडून वापराचा तपशील मागा. प्रीपेडलाही मागच्या सहा महिन्यांचा मिळतो, त्याचं शुल्क ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. तो हातात ठेवून १९८ वर तक्रार करा. १२१ वर नाही. तो माहितीचा नंबर, तिथे बोललेलं तक्रार म्हणून धरतीलच असं नाही.

निकाल पटला नाही किंवा मुदत उलटली, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ईमेलने अपील करा. पैसे लागत नाहीत, ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिकडे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षं.

नवापूरला फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी गुजरातचा. जादा पैसे लागतात का? (नवापूर)

ज्या गावाचं रेल्वे स्टेशनच निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे, तिथे हे व्हायचंच. सध्याच्या अमर्याद प्लॅनमध्ये देशभराचं रोमिंग धरलेलं असतं, वेगळे पैसे लागत नाहीत. मात्र कंपनी बदलताना नवं सिम सोनगडच्या दुकानातून घेतलं तर सर्कल बदलतं आणि तीनऐवजी पाच कामाचे दिवस लागतात.

सारखं टॉवर बदलल्याने बॅटरी लवकर उतरते. दिवसभर दुकानात बसणार असाल तर सेटिंगमध्ये नेटवर्क ‘आपोआप’ऐवजी हाताने निवडून ठेवा. फक्त सुरतची गाडी धरण्याआधी ते परत ‘आपोआप’वर करा, नाहीतर उतरल्यावर फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसेल.