कॅन्सर हाडात पोचलाय, ग्रुप सोडू का?

पत्र: मी ४६ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकाम करते. २०१८ मध्ये डाव्या स्तनाचं ऑपरेशन, केमो आणि लाईट (रेडिएशन) झाली, मग पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी घेतली. दिवाळीपासून कंबर दुखत होती. मशीनवर बसून दुखत असेल म्हणून अंगावर काढलं. आता पेट स्कॅनमध्ये कमरेच्या दुसऱ्या मणक्यात आणि खुब्याच्या हाडात कॅन्सर दिसलाय. नव्या बायोप्सीत हार्मोन पॉझिटिव्ह, हर टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह आलं. लेट्रोझोल आणि पॅल्बोसिक्लिब या गोळ्या आणि दर २८ दिवसांनी पोटात एक इंजेक्शन सुरू आहे. हाडांचं सलाईन दात दाखवून आल्यावर देऊ म्हणालेत, पण एक दाढ ठणकते आहे, म्हणून मी टाळतेय. पंधराव्या दिवशीच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी २,४०० आल्या, पुढे लाल खूण. स्तनाच्या कॅन्सरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तर कुणी पपईच्या पानांचा रस सांगितला, कुणी शेळीचं कच्चं दूध, कुणी पेशी वाढवायचं इंजेक्शन. एक जण म्हणाली, तुझी गोळी जुनी, रिबोसिक्लिब मागून घे. दुसरी म्हणाली, या गोळीवर दोन वर्षं मिळतात. आणि गेल्या आठवड्यात आमच्यातली एक गेली. तिला ट्रिपल निगेटिव्ह होता, यकृतात. मला झोप लागत नाही. हे म्हणतात, ग्रुप सोड. पण तिथल्या बायकांशिवाय मी बोलू कुणाशी? मुलगी बारावीला आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.

प्रिय ताई,

ग्रुप सोडू नका. मात्र त्या बायकांना काय विचारायचं आणि काय नाही, हे आता ठरवून घ्या. गोळी कशी घ्यायची, दुखलं तर कसं झोपायचं, औषध कुठे स्वस्त मिळतं, नवऱ्याशी कसं बोलायचं, हे तुम्हाला त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही. कोणती गोळी, किती डोस, पेशी कमी झाल्या तर काय करायचं, याचं उत्तर मात्र तुमच्या फाइलमध्येच आहे. त्यांची फाइल वेगळी आहे. तुमचे गेल्या पंधरा दिवसांतले जवळजवळ सगळे घोळ या दोन गोष्टी एकत्र झाल्याने झालेत.

आधी त्या लाल खुणेचं बघू. लॅबचं मशीन निरोगी माणसाच्या आकड्यांशी तुलना करून खूण करतं. तुम्ही कोणतं औषध घेताय हे त्याला ठाऊक नसतं. पॅल्बोसिक्लिबवर महत्त्वाचा आकडा वेगळा असतो, त्याला एएनसी म्हणतात, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या, आणि तो घरी काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. समजा तुमच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल ४५ टक्के आहेत. मग २,४०० चे ४५ टक्के म्हणजे १,०८०. तुमची खरी टक्केवारी घालून हिशोब करा. १,००० च्या वर असेल आणि ताप नसेल, तर सहसा गोळी आहे तशीच चालू ठेवतात. ५०० ते १,००० च्या मध्ये आला, तर डॉक्टर बहुधा ही फेरी, म्हणजे गोळीचे २१ दिवस, पूर्ण करायला सांगतील आणि बाविसाव्या दिवशी पुन्हा रक्त तपासतील. नव्या फेरीच्या पहिल्या दिवशी १,००० च्या खाली असेल, तर फेरी पुढे ढकलतात. ५०० च्या खाली, किंवा १,००० च्या खाली आणि सोबत ताप, असं असेल तर गोळी थांबवून लगेच फोन.

केमोमध्ये पेशी मरतात. ही गोळी अस्थिमज्जेतल्या पेशींचं विभाजन फक्त थांबवून ठेवते. म्हणून २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी असं चक्र आहे, आणि त्या सुट्टीत पेशी बहुतेक वेळा आपोआप वर येतात. पेशी वाढवायचं इंजेक्शन त्यासाठी सहसा लागत नाही. पपईच्या पानांच्या रसाने काही साधणार नाही, आणि पेशी कमी असताना कच्चं दूध तर जंतूंना आमंत्रणच. दूध उकळून प्या, गाईचं असो की शेळीचं. पेशी वारंवार उतरल्या, तर डॉक्टर १२५ मिलिग्रॅमवरून १०० वर आणि लागलं तर ७५ वर आणतात. डोस उतरला की घाबरायचं नाही. तो उतरवल्यामुळे औषधाचा ताबा सुटतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

गोळी रोज एकाच वेळेला घ्या. कॅप्सूल असेल तर जेवणासोबत. एखाद्या दिवशी चुकली किंवा उलटून पडली, तर त्या दिवशी दुसरी घेऊ नका, उद्याची उद्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, कारण त्यांनी रक्तातलं औषध वाढतं. गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीच्या खाजेला इट्राकोनॅझोल लिहून दिलं, तर घेण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांनीही तेच होतं. याच्या उलट, टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन या औषधांनी ही गोळी निकामी होते. आयुर्वेदिक काढा घेत असाल तर तोही कागदावर लिहून दाखवा.

पोटातल्या इंजेक्शनबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही असं दिसतं, पण तुमच्या वयाला तेच सगळ्याचा पाया आहे. केमोनंतर पाळी गेली म्हणजे अंडाशय बंद पडलं असं नसतं. आणि लेट्रोझोल अंडाशयातलं इस्ट्रोजेन (तुमच्या कॅन्सरला पोसणारं हार्मोन) थांबवू शकत नाही, उलट अंडाशय जागं होऊ शकतं. ते बंद ठेवण्याचं काम या इंजेक्शनचं, म्हणजे गोसेरेलिनचं, ३.६ मिलिग्रॅम, दर २८ दिवसांनी. लग्नसराईत ब्लाउजांची घाई आहे म्हणून ते आठ-दहा दिवस पुढे ढकलायचं नाही. कॅलेंडरवर आताच वर्षभराच्या तारखा टाका. दर महिन्याला इंजेक्शनसाठी जाणं जमत नसेल, तर अंडाशय काढण्याच्या ऑपरेशनचा पर्याय डॉक्टरांना विचारा.

आता रिबोसिक्लिब. मैत्रिणीचा मुद्दा खोटा नाही, तिचा सल्ला मात्र अर्धवट आहे. रिबोसिक्लिबच्या चाचण्यांत स्त्रियांचं आयुष्य वाढल्याचं स्पष्ट दिसलं. पॅल्बोसिक्लिबने आजार जास्त काळ थोपवला, पण आयुष्याबाबतचा पुरावा तितका पक्का आला नाही. दुसऱ्या बाजूला, रिबोसिक्लिबला हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. म्हणून सुरुवातीला आणि चौदाव्या दिवशी ईसीजी लागतो, यकृताच्या तपासण्याही जास्त लागतात. आणि पॅल्बोसिक्लिबचं पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपल्यावर बऱ्याच कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत खूप उतरली. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: ‘माझ्यासाठी हीच का? ईसीजी, यकृत की खर्च?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर खर्च असेल, तर तेही कळायला हवं, म्हणजे मदतीसाठी अर्ज करता येतो. औषध घेताना छापील किमतीवर जाऊ नका. छापील आणि प्रत्यक्ष भावात मोठा फरक असतो. दोन-तीन दुकानांत विचारा. हे मात्र ग्रुपवर जरूर विचारा.

‘दोन वर्षं मिळतात’ हे वाक्य कुठून आलं ते सांगतो, कारण त्याने फार बायकांची झोप उडवली आहे. पॅलोमा-२ नावाच्या चाचणीत लेट्रोझोलसोबत पॅल्बोसिक्लिब घेणाऱ्या स्त्रियांमध्ये आजार पुढे न सरकण्याचा मधला काळ २४.८ महिने आला, नुसत्या लेट्रोझोलवर १४.५. हा आकडा आयुष्याचा नाही. ही पहिली जोडी किती काळ टिकते, त्याचा आहे. मधला म्हणजे निम्म्या स्त्रियांना त्याहून जास्त काळ मिळाला, निम्म्यांना कमी. ही जोडी थकली की दुसरी औषधं असतात: फुलवेस्ट्रंटची इंजेक्शनं, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, आणखीही. त्या वेळी गाठीच्या पीआयके३सीए आणि ईएसआर१ या जनुकांतल्या बदलांची तपासणी करायची का, हे विचारायचं. आजार पूर्ण जाईल असं आम्ही म्हणणार नाही, ते खरं होणार नाही. पण तुमच्यासारखा, फक्त हाडात असलेला हार्मोन पॉझिटिव्ह आजार बऱ्याच जणींमध्ये वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो.

गेलेल्या मैत्रिणीबद्दल. तिचा ट्रिपल निगेटिव्ह आणि तुमचा, दोन्हींचं नाव स्तनाचा कॅन्सर असलं, तरी आजार वेगळे आहेत. तुमच्या गोळ्यांना धरायला जे हार्मोनचे खुंट लागतात, ते तिच्या गाठीत नव्हतेच. तिच्यावरून तुमचं काही मोजता येत नाही. तरी ती गेली याचं दुःख तुमचं आहे, ते कुणी कमी करायला जाऊ नये, नवऱ्यानेही नाही. ग्रुप आठवडाभर म्यूट करा. रात्री नऊनंतर उघडू नका. जिच्याशी तुमचं जमतं तिला स्वतंत्र फोन करा आणि गेलेल्या बाईबद्दल बोला, रडायचं असेल तर रडा.

तुमचा ग्रुप मिश्र दिसतो, बऱ्याच जणी पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या. त्यांच्यात तुम्हाला अवघडल्यासारखं होणारच, कारण त्यांना ज्याची भीती वाटते तेच तुमच्या वाट्याला आलंय. स्टेज चारच्या, हार्मोन पॉझिटिव्ह, गोळ्यांवर असलेल्या दोन-तीन जणी शोधा. तेवढ्या पुरतात. हॉस्पिटलच्या समाजसेविकेला याच शब्दांत सांगा. मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या व्ही केअर फाउंडेशनमध्ये स्वतः कॅन्सरमधून गेलेले बरेच स्वयंसेवक आहेत, त्यांनाही विचारता येईल. कुणाचाही अनुभव ऐकताना आधी चार गोष्टी विचारायच्या: प्रकार कोणता, कुठे पसरलाय, कितवं औषध, कधीपासून. चारही जुळल्या तरच तो अनुभव तुमच्या उपयोगाचा.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर हमखास घाबरवते. उपचारांच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्ताच्या तपासणीत सीए १५-३ (कॅन्सरचा अंदाज देणारा आकडा) किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या हालचालीचा आकडा) थोडं वाढू शकतं. हाडं भरून येऊ लागली की बोन स्कॅनमध्येही ती जास्त उजळ दिसू शकतात. आजार वाढला असंच त्यावरून समजू नका. एका आकड्यावर औषध बदलायचं नसतं, पुढच्या स्कॅनशी आणि दुखण्याशी ताडून बघायचं असतं.

मणक्यात आजार आहे, म्हणून कंबर चोळून घेणं, हाडवैद्याकडून बसवून घेणं पूर्ण बंद. भरलेली घागर, शिलाई मशीन उचलायची नाही. मणका कितपत ठिसूळ झालाय आणि किती वेळ बसून शिवलेलं चालेल, हे डॉक्टरांना विचारा. दुखणं गोळ्यांनी आवरत नसेल तर लाईटचा एकच डोस, ८ ग्रे (लाईट मोजायचं माप), पुष्कळदा पुरतो. पहिले दोन-चार दिवस दुखणं वाढू शकतं, आराम पडायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. मॉर्फिन लिहून दिलं तर ‘आता शेवट आला’ असं समजू नका. ते दुखण्याचं औषध आहे, त्याच्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचं, एवढंच. पण पायांत शक्ती कमी वाटली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. त्याच दिवशी एमआरआय व्हायला हवा, उशीर झाला तर पाय परत येत नाहीत. ताप १००.४ गेला तरी तसंच: पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ आणि गोंधळल्यासारखं बोलणं, हे रक्तातलं कॅल्शियम वाढल्याचं लक्षण असू शकतं. ही चार वाक्यं घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

यजमानांना ग्रुपवर राग आहे, कारण त्यांना करायला काही उरलेलं नाही. त्यांना कागदांचं काम द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, जायचं आणि गोळ्या, सलाईन, स्कॅन यांतलं नेमकं काय बसतं ते लिहून आणायचं. रेल्वेत हॉस्पिटलच्या दाखल्यावर स्लीपर आणि थ्री टियर एसीत रुग्णाला पूर्ण सवलत मिळते, सोबतच्याला ७५ टक्के. एक पानी गोषवाराही त्यांनीच लिहावा: आजाराचा प्रकार, कुठे पसरलाय, औषध-डोस-तारीख, शेवटचा एएनसी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), डॉक्टरांचा नंबर. त्याचा फोटो तुमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये.

मुलीला या रविवारी सांगा. ती घरातच आहे, तुमच्या गोळ्या आणि चेहरा दोन्ही बघते आहे. ‘आजार हाडात परत आलाय, पूर्ण जाणारा नाही, गोळ्यांनी आवरतात, माझ्या सुरू आहेत. काही बदललं तर तुला आधी सांगीन.’ एवढं पुरे. परीक्षेनंतर सांगू म्हणून थांबलात आणि तिला शेजारणीकडून कळलं, तर तुमच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास बसणार नाही.

राहिली दाढ. हाडांचं सलाईन म्हणजे बहुधा झोलेड्रॉनिक ॲसिड, ४ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटांत शिरेतून देतात. ते सुरू झाल्यावर दात काढावा लागला, तर जबड्याचं हाड उघडं पडून भरत नाही, अशी गुंतागुंत होऊ शकते. म्हणून दाढ काढायची असेल तर आधी काढायची, जखम भरू द्यायची, मग सलाईन. मात्र एएनसीचा कागद दंतवैद्याला दाखवा आणि दिवस कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, शक्यतो गोळीच्या सुट्टीच्या आठवड्यात. सलाईनआधी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासतात. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस कणकण आणि अंगदुखी येते, पाणी भरपूर प्या. तेव्हाही ताप १००.४ च्या वर गेला तर फोन करून एएनसी विचारून घ्यायचाच. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं असेल, तर ते चुकवू नका.

तुमचा बाविसावा दिवस पुढच्या आठवड्यात येतो. दंतवैद्याची वेळ आजच घ्या, आणि नव्या फेरीच्या पहिल्या दिवशी एएनसी किती आला ते आम्हाला कळवा.